मापात पाप

गेल्या मे महिन्यात मी एका प्रशस्त दालनाच्या लाकडी जमिनीवर गुडघे टेकून, मोजपट्टीचे शून्याचे टोक दोन बोटांत धरून, तब्बल दीड तास बसलो होतो. मराठीच्या प्राध्यापकाला ओणवे होऊन करायची कामे तशी पुष्कळ असतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधावे लागतात, ग्रंथालयातल्या सर्वांत खालच्या फळीवरचे पुस्तक शोधावे लागते (मराठीची पुस्तके नेमकी त्याच फळीवर का असतात, कोण जाणे!). पण होडीच्या शिडाचे माप घेण्यासाठी गुडघे टेकण्याचा प्रसंग आमच्या विभागात बहुधा माझ्यावरच पहिल्यांदा आला असावा.

आम्हां नाशिककरांचा शिडाशी संबंध तो काय? आमची गंगा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) रामकुंडापाशी आली की घाटाच्या पायऱ्यांमध्ये शहाण्या मुलीसारखी बसते. नाव म्हटली की आम्हांला गुहक आठवतो, आणि त्याच्या नावेला शीड असल्याचे कुणी सांगितलेले नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या, चांदवडजवळच्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी २०१६ साली थेट रिओच्या ऑलिंपिकमध्ये होडी चालवली हे खरे. पण ती वल्ह्यांची होडी. कवितेतले शीड मात्र मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. 'वाऱ्याने भरलेले शीड म्हणजे आशा' असे फळ्यावर लिहिले की मुले ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. त्यामुळे खरेखुरे शीड हाताला लागले तेव्हा मी जरा हिरमुसलोच. ते कापडाचे नव्हतेच मुळी. पारदर्शक, करकरीत, भेटवस्तूच्या वेष्टनासारखे वाजणारे काहीतरी होते. ही कसली आशा?

माझी ताई चोवीस वर्षांपासून ऑस्ट्रेलियात असते, सिडनीच्या उत्तरेला एका मोठ्या सरोवराच्या काठी. दाजी मूळचे मालवणचे. त्यांचे पणजोबा पडावावर तांडेल होते, असे ते अभिमानाने सांगत. पणजोबांच्या शिडाला माप नव्हते. तांडेलाने डोळ्यांनी बघायचे, हाताने ताणायचे, आणि 'चालेल' म्हणायचे की ते चालले. माप असे ते होडीच्या पोटाला. कोणती होडी किती खंडीची, एवढे कळले की व्यवहार भागत असे. खंडी म्हणजे वीस मण, आणि मण तर दर बंदराला वेगळा! दाजी स्वतः इंजिनियर. परदेशी गेल्यावर पणजोबांचे रक्त उसळले म्हणा, नाही तर रविवारी करायला दुसरे काही नव्हते म्हणा, ते शर्यतीच्या होड्या चालवायला शिकले. तीन वर्षांपूर्वी दाजी अचानक वारले. मागे राहिली ताई, माझा भाचा निनाद, आणि अंगणातल्या छपराखाली एक जोडहोडी.

जोडहोडी हा माझा शब्द. निनाद तिला कॅटमरान म्हणतो. शब्द मूळचा तमिळ: 'कट्टु' म्हणजे बांधणे, 'मरम्' म्हणजे लाकूड. पूर्व किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरीने बांधून समुद्रात घालतात, ते हे कट्टुमरम्. इंग्रजांनी शब्द आपल्याकडून उचलला आणि चिकटवला मात्र पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या, दोन अंगे असलेल्या होड्यांना. नाव एकाचे, रूप दुसऱ्याचे. दोन अरुंद लांबोळ्या होड्या समांतर ठेवायच्या, मध्ये जाळी ताणायची, त्या जाळीवर माणसाने बसायचे आणि वर एक उंच डोलकाठी उभी करायची. ती वाऱ्यावर अशी काही पळते की काठावरच्या माणसाच्या पोटात गोळा यावा. १८७६ साली नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन कारागिराने अशी एक होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली आणि भल्याभल्या होड्यांना मागे टाकले. मग काय झाले असेल? हरलेल्यांनी तक्रार केली, आणि जोडहोड्यांना शर्यतींचा दरवाजाच बंद झाला. जी गोष्ट आपल्या मापात बसत नाही ती गोष्टच नव्हे, असे मानण्याची पद्धत फक्त आमच्या विद्यापीठांत आहे, हा माझा समज तिथे दूर झाला.

पुढे काळ बदलला आणि जोडहोड्यांनाही त्यांचे वर्ग मिळाले. वर्ग म्हणजे एकाच नियमात बसणाऱ्या होड्यांचा गट. आपल्याकडे कुस्तीत वजनाचे गट असतात तसे. 'ए' वर्ग नावाचा एक जगप्रसिद्ध वर्ग आहे. होडीची लांबी जास्तीत जास्त १८ फूट, शीड जास्तीत जास्त १५० चौरस फूट. हल्लीच्या हिशेबात ५.४९ मीटर आणि १३.९४ चौरस मीटर. वजन ७५ किलोपेक्षा कमी नको. यात गंमत अशी की त्या १३.९४ मध्ये नुसते शीड नव्हे, तर डोलकाठीचे क्षेत्रही धरतात. डोलकाठी आता गोल काठी राहिलेली नाही. ती पक्ष्याच्या पंखासारखी चपटी करतात, म्हणजे तीही वारा पकडते. जिथे फक्त शीड मोजतात तिथे डोलकाठीच रुंद करण्याचा मोह होणारच. तेव्हा नियम करणाऱ्यांनी म्हटले, ठीक आहे, आता काठीही मोजू.

निनादची होडी 'ए' वर्गातली नव्हती. तिकडच्या एका जुन्या, लहानशा स्थानिक वर्गातली होती, आणि त्याचे नाव मी सांगत नाही, कारण त्या मंडळींनी मला फार चांगला चहा पाजला. या वर्गात आजवर डोलकाठी मोजत नसत. त्या वर्षीपासून मोजायचे ठरले होते. नेहमीच्या डोलकाठीइतके क्षेत्र मर्यादेत वाढवूनही दिले होते. शिवाय एक सवलत होती: जुने शीड जुन्याच डोलकाठीवर चढवले असेल तर ते पूर्वीच्या प्रमाणपत्रावर चालेल. इंग्रजीत अशा सवलतीला चक्क आजोबांच्या नावाने ओळखतात. पण दाजींच्या जुन्या डोलकाठीला बुंध्यापाशी चीर गेली होती. निनादने सुट्टीत काम करून, पैसे साठवून नवी घेतली. शीड दाजींचे, काठी त्याची. सवलत संपली.

म्हणून आम्ही त्या दालनात गुडघ्यांवर होतो. मोजणारे गृहस्थ सत्तरीचे, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी गुडघ्यांना गाद्या बांधल्या होत्या, त्यावरून अनुभव किती वर्षांचा ते कळावे. शीड जमिनीवर पसरून सपाट केले. शीड दिसते त्रिकोणी. पण त्याची मागची कड सरळ नसते, बाहेर फुगलेली असते. त्या फुगवट्याला आधार म्हणून आडव्या कामट्या घालतात. येवल्याच्या संक्रांतीत पतंग हाताळलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. नुसता त्रिकोण मोजला तर फुगवटा फुकटात मिळतो. म्हणून कडेची लांबी घेऊन तिचे चार भाग करायचे, प्रत्येक खुणेपाशी आडवी रुंदी घ्यायची, अगदी टोकाजवळ आणखी एक घ्यायची, आणि हे सगळे आकडे एका सूत्रात घालून क्षेत्रफळ काढायचे. गृहस्थ आकडा म्हणत, निनाद लिहून घेई, मी शून्य धरून बसे. प्राध्यापकाच्या हातात शून्य बरे शोभते, असे निनाद पुटपुटला. मराठीत म्हणाला, एवढेच बरे केले.

मधल्या सुट्टीत चहा घेताना मी त्या गृहस्थांना विचारले, "एवढा खटाटोप कशासाठी? दहा-बारा होड्या, हौसेचा मामला. थोडे इकडेतिकडे झाले तर कुणाचे काय जाते?"

त्यांनी मला जे सांगितले ते मी नाशिकला परत आल्यावर पुस्तकांतून ताडून पाहिले, आणि ते खरे निघाले. इंग्लंडात १८५५ पासून शर्यतीच्या होड्यांचे माप काढायचे एक सूत्र होते. लांबी मोजायची, रुंदी मोजायची. खोली मात्र मोजायची नाही, रुंदीच्या निम्मी आहे असे धरायचे. म्हणजे रुंदी हिशेबात दोनदा येई आणि खोली एकदाही नाही. होडी बांधणारे काही दुधखुळे नव्हते. त्यांनी रुंदी कमी कमी करत नेली, खोली वाढवली, तळाशी शिसे ओतले. होता होता होड्या कडेवर उभ्या केलेल्या फळीसारख्या झाल्या. १८८६ मध्ये 'ऊना' नावाची होडी बांधली गेली. पाण्याच्या रेषेवर सुमारे ३४ फूट लांब आणि रुंदी अवघी साडेपाच फूट. त्याच वर्षी ती आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळात सापडली आणि सगळ्या माणसांसकट बुडाली. त्या माणसांत तिचा आराखडा काढणारा तरुणही होता. पुढच्याच वर्षी इंग्लंडात सूत्र बदलले. लांबी आणि शिडाचे क्षेत्र यांचा गुणाकार आला, रुंदीवरचा दंड गेला आणि होड्या पुन्हा माणसांत आल्या. पण आता शीड मोजायचे म्हटल्यावर लोकांची बुद्धी शिडाकडे वळली! पुढच्या शिडासाठी डोलकाठी आणि तिच्या पुढचा ताणलेला दोर यांमधला त्रिकोण मोजत. १९२६-२७ च्या सुमारास स्वेन सालेन या स्वीडिश माणसाने इटलीत जिनोआच्या शर्यतीत असे शीड लावले की ते त्रिकोणातून निघून डोलकाठीच्या मागे खूप लांबपर्यंत जाई. त्रिकोण तेवढाच, शीड भलेमोठे. नियम कुठेही मोडलेला नाही. त्या शिडाला आजतागायत जिनोआच म्हणतात.

आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात ते माप घालणाऱ्या वाण्याला उद्देशून. इथे पाप म्हणावे तर मोजून घेणाऱ्याचे, आणि तेही पुरते पाप नव्हे. १८८७ च्या दानपत्रावर चालणाऱ्या अमेरिका चषकाची गोष्ट तर अशी की १९८८ साली न्यूझीलंडच्या मंडळींनी ते दानपत्र बारकाईने वाचले, एका डोलकाठीच्या होडीला पाणरेषेवर ९० फुटांपर्यंत मुभा आहे हे हेरले, आणि तेवढी अजस्र होडी घेऊन आव्हान दिले. अमेरिकनांनीही तेच दानपत्र वाचले. त्यात होडीला अंगे किती असावीत हे लिहिलेलेच नव्हते. त्यांनी पंखासारखे ताठ शीड लावून ६० फुटांची जोडहोडी आणली आणि दोन्ही शर्यती सहज जिंकल्या. मग प्रकरण न्यायालयात. निकाल एकदा इकडे, एकदा तिकडे होत १९९० मध्ये अखेर जोडहोडी कायदेशीर ठरली. ११४ वर्षांनी हेरेशॉफचा आत्मा शांत झाला असेल. मला मात्र आमच्या अभ्यासमंडळाच्या सभा आठवत होत्या.

माप पूर्ण झाले. गृहस्थांनी दोनदा बेरीज केली. नवी काठी जुन्यापेक्षा सात मिलिमीटर रुंद होती, म्हणजे पाऊण सेंटिमीटरसुद्धा नाही. पण काठी नऊ मीटर उंच. गुणाकार करून पाहा. शीड आणि काठी मिळून मर्यादेपेक्षा ०.०६ चौरस मीटर जास्त भरले. उत्तरपत्रिकेच्या एका पानाएवढे. गृहस्थांनी चष्मा काढला आणि म्हणाले, खालच्या कडेची तीन सेंटिमीटरची पट्टी कापली की काम होईल. नाही तर शर्यतीत धरता येणार नाही.

निनादने माझ्याकडे पाहिले. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "मग कापून टाक. नियम तो नियम."

तो काही बोलला नाही. शीड गुंडाळताना मी पाहिले, की खालच्या कडेला, डोलकाठीच्या बाजूच्या कोपऱ्यात, जुन्या मोजणीदाराची सही होती, आणि तिच्या शेजारी अगदी कडेला लागून दाजींच्या अक्षरात 'श्री' लिहिलेला होता. नव्या वहीवर लिहितात तसा. बरोबर त्या तीन सेंटिमीटरांत.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ताईने विषय काढला तो शिडाचा नव्हे, आजोबांचा.

इथे थोडे आजोबांविषयी सांगितले पाहिजे. आजोबा नाशिकला शाळामास्तर. जुन्या गावात, भांडीबाजाराच्या उताराला आमचे घर. ते रोज रात्री चार ओळी रोजनिशी लिहीत. सहा वर्षांपूर्वी मी त्या वह्यांतले निवडक भाग काढून छोटे पुस्तक छापले, घरच्या माणसांपुरत्या साठ प्रती. आजोबांची पुराची नोंद हा त्या पुस्तकाचा प्राण. नाशिकमध्ये पुराचे माप कसे सांगतात ते ठाऊक आहे ना? गंगेवर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे गाव बोलते. नारोशंकराची घंटा वाजली की समजावे आता धडगत नाही. १९६५ साली गंगापूरचे धरण पुरे झाले आणि तेव्हापासून हळूहळू माणसे क्युसेकमध्ये बोलायला लागली. २०१६ च्या आणि २०१९ च्या पुरात तर मोबाइलवर धरणातून किती हजार क्युसेक सोडले याचे निरोप फिरत होते, आणि ते वाचूनही लोक पुलावर जात होते ते मारुती कितपत बुडाला हे पाहायलाच. आजोबांनी १९६९ च्या महापुराची नोंद अर्थातच मारुतीच्या मापाने केली आहे. पाणी मारुतीच्या खांद्याला, मग डोक्यावरून, मग भांडीबाजारात, रात्री दोन वाजता आमच्या ओट्यावर. त्यानंतर दोनच शब्द आहेत. त्यापुढे नऊ दिवस वही कोरी.

ताई म्हणाली, "एक विचारू? त्या पुरात आपल्या घरातलं कोण कोण गेलं रे?"

"कोण गेलं? कुणीच नाही."

"मग आजोबांनी लिहिलंय ते? 'सगळे गेले'. बाबांना विचारायचा मला धीर झाला नाही, आणि नंतर बाबाच राहिले नाहीत. मला वाटायचं, त्यांना आधीची भावंडं असतील, ती... निनाद होडीवर जायला लागला त्याच वर्षी तुझं पुस्तक आलं. वर्षभर मला झोप नव्हती. आमच्या घराण्याला पाणी लाभत नाही, असंच मी धरून चालले होते."

मी जागच्या जागी गार झालो. आजोबांनी 'सगळे गेले' असे लिहिलेलेच नव्हते. त्यांनी लिहिले होते: सगळें गेलें. दोन्ही शब्दांवर अनुस्वार. जुन्या पद्धतीत नपुंसकलिंगी एकवचनावर अनुस्वार देत. 'सगळें गेलें' म्हणजे भांडीकुंडी, धान्य, पुस्तके, सर्व वस्तुजात गेले. 'सगळे गेले' म्हणजे सगळी माणसे. १९६२ साली राज्य शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजोबांनी मात्र आपला हात बदलला नाही. मी त्यांचे लेखन छापायला घेतले तेव्हा, नियम शिकवणारा माणूस मी, लाल पेन घेऊन दोनशे पानांतले अनुस्वार एकेक करून काढून टाकले. फार प्रेमाने काढले. आजोबांची चूक कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

नियम चुकीचा होता असे मी अजूनही म्हणणार नाही. जो अनुस्वार कानाला ऐकू येत नाही तो कुठे द्यायचा हे कळण्यासाठी संस्कृत आणि जुनी मराठी जाणावी लागे. ज्यांच्या घरात ती विद्या नव्हती अशा किती मुलांचे गुण त्या टिंबांपायी गेले असतील! ती टिंबे गेली हे बरेच झाले. आणि नियम करणाऱ्यांनीही विचार केलेला होता. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, अशी सवलत त्या नियमांतच आहे. फक्त माझे आजोबा चिपळूणकरांच्या मागून पाऊणशे-शंभर वर्षांनी लिहीत होते. त्यांचे शीड जुने, काठी नवी. सवलतीत बसत नव्हते. पण घरगुती साठ प्रतींचे माप घ्यायला कोणता मोजणीदार येणार होता? लाल पेन मला कुणी हातात दिले नव्हते.

ताईला मी सगळे समजावून सांगितले. ती आधी हसली, मग बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एका टिंबासाठी सहा वर्षं!" आणि भांडी आवरायला उठली. मी मदतीला गेलो तर तिने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निनादला म्हटले, "कालचं माझं बोलणं विसर. शीड कापू नकोस. जुनी डोलकाठी दुरुस्त होत असेल तर पाहू. नाही तर या वर्षी शर्यत राहू दे."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जसे वर्गातली मुले पाहतात. "मामा, बाबा दर वर्षी काही ना काही कापायचे. या शिडाची मागची कड त्यांनी स्वतः दोनदा कापलीये. शर्यतीत नाही उतरलं तर ते शीड कसलं? छपराखाली ठेवायचं पूजेला?" थोडे थांबून म्हणाला, "फक्त ते 'श्री' तेवढं... मला नीट वाचता येत नाही, पण ते काय आहे ते मला माहीत आहे."

आम्ही दोघे पुन्हा त्या गृहस्थांकडे गेलो. मी मोडक्यातोडक्या भाषेत त्यांना 'श्री' म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. समृद्धी म्हणालो, आरंभ म्हणालो, देवाचे नाव म्हणालो. प्रत्येक अर्थ आधीच्या अर्थाला खोटा पाडत होता. त्यांनी हात वर करून मला थांबवले, गुडघ्यांना गाद्या बांधल्या, शीड पसरले आणि खाली वाकून पाहिले. खालची कड दोन मीटर लांब होती. पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवले, इथे शून्य; मागच्या कोपऱ्यावर ठेवले, इथे सहा सेंटिमीटर. मधून तिरकी रेघ. सरळ पट्टीऐवजी त्रिकोण कापायचा. दोन गुणिले ०.०६, भागिले दोन. क्षेत्र तेच, ०.०६. 'श्री' पुढच्या कोपऱ्यात होता. रेघ त्याच्या खालून, केसाच्या अंतराने गेली असती.

"किती कमी करायचे ते नियमात आहे," ते म्हणाले. "कुठून, ते नाही."

शिवाय सावधगिरी म्हणून मागच्या बाजूला सहाऐवजी साडेसहा सेंटिमीटर कापा, असेही त्यांनी बजावले. कापड ताणते आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. कात्री निनादने चालवली. मी शून्याचे टोक धरले होते. ताई त्या दिवशी पहिल्यांदाच शर्यतीच्या तळ्यावर आली आणि काठावर खुर्ची टाकून बसली. चौदा होड्यांत निनाद नववा आला. वळसा घेताना एकदा त्याची होडी एका अंगावर इतकी उचलली गेली की मी डोळे मिटून घेतले. ताईने मिटले नाहीत.

नाशिकला परतल्यावर मी आजोबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला घेतली आहे. पुन्हा साठच प्रती. जुन्या वह्या समोर ठेवून सगळे अनुस्वार परत घातले. काढायला लागले त्याच्या दुप्पट वेळ घालायला लागला. मजकूर टंकनासाठी दिला. आठ दिवसांनी मुद्रिते आली ती पाहतो तो एकही अनुस्वार जागेवर नाही! संगणकावर बसणारा मुलगा तरुण, हुशार, माझाच जुना विद्यार्थी. मी विचारले तर तो अभिमानाने म्हणाला, "सर, फार चुका होत्या. मी सगळ्या काढून टाकल्या."

त्याला पूर्ण गुण देणारा मीच. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लाल पेन घेऊन बसलो आहे. सत्तराव्या पानापर्यंत आलो. पूर अजून पुढे आहे.